बुधराम, नदी आली

बालाघाटची मुलगी आफ्रिकेतल्या लोकांच्या चालीरीती शिकायला लंडनला कशाला गेली, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता त्याचा रागही येत नाही. माझे काका तर तोंडावर म्हणाले होते, "शिकाचंच होतं त बी.एड. कराचं होतं, मास्तरीन तरी झाली असती." या प्रश्नाचं उत्तर परसवाड्याच्या पुढे, सालाच्या जंगलात, रस्त्याच्या कडेला पडलेलं आहे. ते बघायला यायची काकांची छाती नाही, हे मला ठाऊक होतं.

तो एक दगडांचा ढिगारा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आफ्रिकेतल्या शिपायांची एक तुकडी त्या जंगलात सरावाला आली होती. त्यांतला एक जण तापाने गेला. त्याला रस्त्याच्या कडेला पुरलं, तुकडी पुढे निघून गेली, आणि मागे राहिला तो 'सिपाहीबाबा'. वाटेवर परका माणूस मेला की येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे एक दगड टाकायचा, अशी त्या भागातली रीत. दगड टाकला की मेलेला जागेवर राहतो, आपल्या मागे घरी येत नाही. टाकल्यावर वळून बघायचं नाही.

माझे बाबा तिथे जंगलखात्यात नाकेदार होते. त्यामुळे माझं लहानपण त्या ढिगाऱ्यावरून जाण्यायेण्यात गेलं. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरात सांगून टाकलं, की आजपासून भूतखेत बंद, दगड टाकणं बंद. आईने लगेच हो म्हटलं. मग पदराखाली मुठीत दगड धरून चालू लागली. बाबा पुढे ताठ मानेने, आई मागे मूठ झाकून, आणि मधे मी. मला सिपाहीबाबाची भीती वाटायची, पण त्याहून एक विचार जास्त छळायचा. याच्या घरी कोणी वाट बघत असेल का? हा इथे पडला आहे हे त्यांना कोणी सांगितलं असेल का?

नागपूरच्या कॉलेजात आफ्रिकेबद्दल जे वाचायला मिळालं ते सगळं सिंह आणि सोनं. माणसं कुठेच नव्हती. मी हट्टाला पेटले, शिष्यवृत्तीच्या मागे लागले आणि शेवटी लंडनला पोचले. तिथल्या थंडीचं आणि उकडलेल्या बटाट्यांचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे, मी करत नाही. माझं लंडन म्हणजे अबेना. घानाची, माझ्याच वर्गातली, माझ्याच वयाची आणि माझ्यासारखीच फटकळ. आपल्याकडे मंगळवारी जन्मलेल्या पोरीला मंगली म्हणतात, तसंच त्यांच्याकडे मंगळवारची ती अबेना.

एकदा वर्गात मृतांच्या जागा या विषयावर बोलायचं होतं. मी सिपाहीबाबाचा ढिगारा सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या, अबेना मात्र उठून बाहेर गेली. मी मागे गेले तर जिन्यात बसलेली. तिचे वडील, क्वाकु, ती रांगती असताना लढाईवर गेले होते. सैन्याने एवढंच कळवलं होतं की हिंदुस्थानच्या मध्यभागी, जंगलात, तापाने वारले. कबर कुठे, ते माहीत नाही. तिची आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, अजून त्यांचं शेवटचं कार्य करू देत नव्हती. त्यांच्यातलं काहीतरी घरी आल्याशिवाय कार्य कसलं, असं तिचं म्हणणं. आणि जोवर कार्य नाही तोवर तो माणूस घराच्या वेशीबाहेर उभा आहे, असं सगळं घर मानायचं.

अबेनाने मला दोनच गोष्टी विचारल्या. तो माझा बाप आहे का? असला तर त्याला घरी नेता येईल का?

मी म्हटलं, चल, बघू.

बालाघाट

हिवाळ्यात आम्ही घरी पोचलो. आमचा मोहल्ला अबेनाला बघायला अंगणात लोटला. कोणी तिच्या केसांना हात लावून बघत होतं, कोणी तिच्याशी हिंदीतून मोठमोठ्याने बोलत होतं, जणू आवाज चढवला की भाषा कळते. मला लाज वाटली. अबेनाला काही नाही. म्हणाली, आमच्या गावात तू आलीस की तुझी वेणी याच्याहून जास्त ओढतील.

आईला एकच काळजी. "तिले मिरची झेपंल का वं?" म्हणून तिने लाखोळीची भाजी अगदी मिळमिळीत केली. अबेनाने दोन घास खाल्ले, इकडेतिकडे बघितलं, पाट्यावरचा ठेचा दिसला, तो उचलून भाजीत कालवला आणि मग पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी आई उखळात धान कांडत होती. अबेनाने तिच्या हातून मुसळ घेतलं आणि असं कांडलं की शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. त्यांच्याकडे उकडलेला कंद असाच उखळात कुटून त्याचा गोळा खातात. आईने तिथेच निकाल दिला, पोरगी हाडाची कामाची आहे, हिच्या बापाला शोधून द्या.

बाबा निवृत्त झाले होते. आम्ही कशासाठी आलो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, भुताच्या भानगडीत मी पडणार नाही, पण रस्ता दाखवायला येतो. शिपाई मेला तो कोणाच्या घरी, हेही त्यांना माहीत होतं. ढिगाऱ्याजवळच्या वस्तीत फागनीबाई नावाची गोंड म्हातारी होती, तिच्या ओसरीवर.

लामता, परसवाडा आणि पुढे

छोट्या रेल्वेने लामत्याला उतरलो. स्टेशनच्या बाहेर धानाची रास पडली होती, आणि चहावाल्याने अबेनाकडून पैसे घेतले नाहीत. का ते त्यालाही सांगता येईना. तिथून बसने परसवाडा. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे बसमध्ये माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. परसवाड्याच्या पुढे एका वळणावर बाबांनी बस थांबवली. आम्ही उतरलो, बस गेली आणि तिचा आवाज जंगलात कुठे विरला ते कळलंही नाही.

भर दुपार होती. सालाचं जंगल दुपारी जितकं भयाण होतं तितकं संध्याकाळीही होत नाही. पक्षी गप्प. झाडं सरळसोट, सगळी सारखी, आणि खाली वाळक्या पानांचा थर. त्यात ढिगारा. मी लहानपणी पाहिला होता तेव्हा माझ्या कमरेइतका होता. आता माझ्या डोक्याच्या वर गेला होता. इतकी वर्षं, इतके लोक, प्रत्येकाचा एक दगड.

माझा हात सवयीने खाली गेला आणि मी एक दगड उचलला. अबेनाने माझं मनगट धरलं.

"माझ्या बापाला दगड मारू नकोस," ती म्हणाली.

मी तो खाली ठेवला. पण मला तो टाकायचा होता. लंडनचं शिक्षण, इतकी पुस्तकं, आणि तरी दगड न टाकता तिथून निघायचं म्हणजे अंगावर काटा येत होता. आम्ही वस्तीकडे पायवाटेने निघालो. बाबा पुढे, अबेना मधे, मी शेवटी. थोडं गेल्यावर मला माझ्या मागे पाचोळा वाजलेला ऐकू आला. चाप, चाप, सावकाश, माणसाच्या चालीने. मी थांबले की थांबायचा. चालू लागले की पुन्हा सुरू. मी वळून पाहिलं नाही. बाबांना म्हटलं तर म्हणाले, वानर असेल. पण तेही वळून न बघताच म्हणाले.

फागनीबाई सारवलेल्या ओसरीवर बसून मोहाची वाळलेली फुलं निवडत होती. खूप म्हातारी, पण नजर टाचणीसारखी. बाबांना तिने ओळखलं. अबेनाकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि नाव विचारलंच नाही. विचारलं ते असं, "कौन वार की है, बेटी?"

मी अबेनाला सांगितलं. ती चपापली. मग म्हणाली, मंगळवार.

"मंगली," फागनीबाई म्हणाली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. आम्हाला तिघांना दिलं आणि चौथा लोटा दाराच्या बाजूला, आमच्या मागे, जमिनीवर ठेवला. तिथे कोणीच नव्हतं.

मग तिने जे सांगितलं ते मी इथे थोडक्यात देते. त्या शिपायाला ताप चढला आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला सावलीसाठी तिच्या ओसरीवर टेकवलं. डॉक्टर यायच्या आत तो गेला. जाताना त्याने पाणी मागितलं, आणि ते तिच्या हातचं प्यायला. देह तर साहेबांनी रस्त्याच्या कडेला पुरला, त्यावर हिचं काही चाललं नाही. पण जीव? गोंडांच्यात माणूस गेला की घरचे लोक ओढ्यावर जातात, मडकं पाण्यात धरून त्याचं नाव घेऊन हाका मारतात. जो मासा मडक्यात येतो तो आपला माणूस. त्याला घरी आणून आतल्या खोलीत, पितरांच्या कोपऱ्यात बसवायचं. फागनीबाईचा नवरा म्हणाला, आपल्या हातचं पाणी प्यालेला माणूस बाहेर कसा ठेवायचा? ती दोघं मडकं घेऊन ओढ्यावर गेली. पण नाव कोणाला ठाऊक! म्हणून ते एकेका वाराच्या नावाने हाका मारत गेले. सोमारू म्हटलं, पाणी तसंच. मंगलू म्हटलं, तसंच. तिसरी हाक मारली आणि मडकं हातात जड झालं.

अबेनाला यातलं अर्धं मी सांगत होते, तेवढ्यात तिने माझा दंड दाबला. "विचार," ती म्हणाली. "ते त्याला काय म्हणतात ते विचार."

मी विचारलं.

"बुधराम," फागनीबाई म्हणाली.

क्वाकु म्हणजे बुधवारी जन्मलेला मुलगा. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. अबेनाला सांगावं लागलंच नाही, तिने 'बुध' एवढं ऐकून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. ती रडली नाही. उठली, आणि दाराच्या बाजूला ठेवलेल्या त्या चौथ्या लोट्यासमोर जाऊन बसली.

बाबा मात्र चिडले. म्हणाले, मी इतकी वर्षं इथे नाकेदार होतो, सगळं जग तिकडे दगड टाकत होतं, आणि माणूस तुमच्या घरात जेवत होता? मला कोणी कसं सांगितलं नाही? फागनीबाई फुलं निवडता निवडता म्हणाली, "नाकेदार को कौन बताता है?"

जेवायला कोदोची पेज आणि अंबाडीची भाजी होती. पहिलं पान आतल्या कोपऱ्यात गेलं. मोहाची दारू ओतताना तिने पहिली धार जमिनीवर सोडली, आणि अबेनाचा हात त्याच वेळी पुढे आला. त्यांच्यातही पहिली धार पितरांची. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसल्या. मग अबेनाने मला सांगितलं, आता माग. त्याला घरी न्यायचं आहे असं सांग.

मी सांगितलं. फागनीबाईचं हसू गेलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसून राहिली. उन्हं उतरली, कोंबड्या आत आल्या, तरी ती हलली नाही. नवरा गेला होता, मुलगा नव्हता. रोज संध्याकाळी ती ज्याच्याशी बोलायची असं कोणी असेल तर हाच. तिच्या पाठीकडे बघून मला आमचीच लाज वाटू लागली. आम्ही कोणाच्या घरचं माणूस मागायला आलो होतो! अबेनाही खालमानेने बसली होती. तिला तिकडे आत्या दिसत होती आणि इकडे ही.

शेवटी म्हातारी बाहेर आली ती मुठीत चिमूटभर माती घेऊन. तिच्या बोलण्याचा अर्थ असा, की त्यांच्यात भाऊ वेगळे निघाले की पितरांच्या कोपऱ्यातली माती नव्या घरी नेतात. पितरांची वाटणी होत नाही, ते दोन्ही चुलींवर जेवतात. बाबांनी आपली तंबाखूची डबी रिकामी करून पुढे केली. माती तिच्यात गेली. मग फागनीबाईने अबेनाला बजावलं, "हर पानी पे उसको बोलना। नदी आई, चल। नहीं बोलोगी तो वहीं खड़ा रह जाएगा।"

परतीची नदी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. पहिला ओढा आला, अबेनाने सांगितलं. दुसरा आला, सांगितलं. तिसरी जरा मोठी नदी, लामत्याच्या अलीकडे. रपट्यावरून, म्हणजे पाण्यालगतच्या बुटक्या पुलावरून, बस जात होती आणि नेमका त्याच वेळी कंडक्टरने माझ्या टोपलीवरून भांडण काढलं. मी का ऐकून घेणार? अबेनाही माझ्या बाजूने इंग्रजीत भांडू लागली. भांडण संपलं तेव्हा नदी मागे पडली होती. चढ चढून बस थोडी पुढे गेली आणि आचका देऊन बंद पडली.

ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, हँडल फिरवलं, फिरवून घामाघूम झाला. लोक उतरून सावलीत बसले. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि नदीच्या पलीकडच्या काठावर पाचोळा वाजत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कोणीतरी काठावर येरझारा घालाव्यात तसा. दिसत कोणीच नव्हतं. अबेनाच्या हातात डबी होती आणि ती डबी तिने छातीशी घट्ट धरली होती. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी तरी कुठली बोलते!

बाबांनी चष्मा पुसला. बस, ड्रायव्हर, नदी, सगळीकडे एकदा बघितलं.

"मी हे मानत नाही, सुलू," ते म्हणाले. "पन तो पोरीचा बाप हाये. त्याले सांगाले आपलं काय जाते?"

आणि दीक्षा घेतल्यापासून एका दगडाला हात न लावलेला माझा बाप उतरणीने नदीकडे चालत गेला. रपट्याच्या मधोमध उभा राहिला. पलीकडे कोणी पाहुणा वाट चुकून उभा असावा तसं त्याने हात वर करून सांगितलं, "बुधराम, नदी आली बाबू. चाल. तुही पोरगी इकडं हाये."

पाचोळा थांबला. बाबा परत आले, मागे न बघता. ड्रायव्हरने हँडल मारलं आणि बस सुरू झाली. इंजिन तापलं होतं, थंड झालं, असं तो म्हणाला. बाबांनीही तसंच असेल म्हणून मान हलवली. लामत्याला उतरताना त्यांनी तंबाखूसाठी खिशात हात घातला, आणि मग डबी आपल्याकडे नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

आत्याचं अंगण

पुढच्या अभ्यासासाठी मला घानातच राहायचं होतं, म्हणून मी अबेनाबरोबरच गेले. मुंबईहून बोट सुटली तेव्हा ती मला म्हणाली, समुद्राचं तूच सांग, इतकी वर्षं माझ्या बापाने तुमचीच बोली ऐकली आहे. मी कठड्याला धरून, इकडेतिकडे बघून, हळूच सांगितलं. शेजारचा एक गुजराती व्यापारी दचकून दूर सरकला.

आत्याचं गाव लाल मातीचं. आमच्या परसवाड्याकडची माती आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. आत्या उंच, ताठ, काळं लुगडं गुंडाळलेली. तिने आम्हाला आधी पाणी दिलं आणि मग का आलात विचारलं, ही तिथली रीत. डबी हातात घेतल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "पाणी ओलांडताना सांगितलंत ना?" मला वाटलं होतं ही गोष्ट आपल्याकडचीच. मी मान हलवली.

तिने अंगणात दारूची धार सोडली आणि भावाला हाक मारली. क्वाकु. पुन्हा मारली. सगळं घर दाराकडे बघत उभं. वेशीपाशी, कोकोच्या झाडांखाली, वाळकी पानं वाजत होती. मला ऐकू येत होती, अबेनालाही. पण आवाज पुढे येत नव्हता. आत्याचा आवाज तिसऱ्या हाकेला फाटला. ती माझ्याकडे वळली आणि अबेनाकरवी म्हणाली, तो बिचकला आहे. इतकी वर्षं त्याला दुसऱ्याच नावाने जेवायला बोलावलं. तुमच्याकडे बोलावतात तसं बोलाव.

मी दारात उभी राहिले.

"बुधराम," मी म्हटलं, "घर आलं बाबू. आता अंदर ये."

पानं वाजली, अंगणापर्यंत आली, माझ्या बाजूने गेली आणि थांबली. आत्याने पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि तिथेच, मातीत, मटकन बसून मोठ्याने रडू लागली. तिचं इतक्या वर्षांचं अडवून ठेवलेलं रडणं होतं ते. तो शुक्रवार होता. पुढे कार्य रीतसर झालं.

पुन्हा फागनीबाई

अभ्यास संपवून परत आले तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे गेले. बाबा बरोबर होते, नवी डबी घेऊन. वाटेत ढिगारा लागला. आईने माझ्याकडे दगड दिला होता, तो मी रस्त्याच्या कडेला ठेवून दिला.

फागनीबाई ओसरीवरच होती, आणखी वाकलेली. मी बसले आणि तो पोचला म्हणून सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मालूम है। एक शुक्रवार को उसने खाना नहीं खाया। पत्तल वैसी की वैसी रह गई।"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मी विचारलं, आणि त्यानंतर? फागनीबाईने आत, कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे ताजं पान वाढलेलं होतं.

"दूसरे दिन आ गया," ती म्हणाली. "दो घर का आदमी है अब। कभी-कभी देर तो होगी।"